अक्कलदाढेची अर्धी फी

तारीख १४ मार्च १९६२, बुधवार. फी ठरली आठ रुपये. हजर पाच जण: डॉक्टर, माझी धाकटी बहीण सुमन, आमची माय, लांजीचे मामा आणि मी. गणित घातले ते असे: सतरा औट किती? औट म्हणजे साडेतीन. सुमनने उत्तर दिले, साडेअठ्ठावन्न. ते चूक होते, आणि डॉक्टरांनी ते चूक उत्तर जसेच्या तसे वहीत लिहून घेतले.

दाताच्या दवाखान्यात गणित कशाला, असे ज्याला वाटेल त्याने बालाघाटचे पाढेवाले डॉक्टर पाहिलेले नाहीत. दवाखान्याच्या पाटीवर त्यांचे नाव होते, पण गावात ते कोणी घेत नसे. कोणतीही अक्कलदाढ काढण्याआधी ते रोग्याला एक हिशेब घालत. दाढ निघाली, रक्त थांबले, की तोच हिशेब पुन्हा घालत. दोन्ही उत्तरे एका लांबट वहीत लिहून खाली घरच्या माणसांच्या सह्या किंवा अंगठे घेत. ही पद्धत कशी सुरू झाली ते मी ऐकलेले सांगतो, पाहिलेले नाही. एका शेतकऱ्याची अक्कलदाढ त्यांनी काढली. सहा महिन्यांनी त्याचे चार भाऊ दारात उभे. म्हणे, दाढ गेली तेव्हापासून ह्याची अक्कल गेली, जमिनीच्या सौद्यात फसला. डॉक्टर म्हणाले, "ज्यानं फसवलं त्याच्या तोंडात दाढ आहे काय, ते पाहून आले काय तुम्ही?" भाऊ हसले आणि परत गेले. पण डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वही आणली.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. दाताचे शिक्षण कलकत्त्याला झालेले, पण बोलणे शेवटपर्यंत आमच्यासारखेच राहिले. राज्यांची वाटणी झाली तेव्हा त्यांचे भाऊबंद त्या बाजूला मराठी राज्यात गेले, ते ह्या बाजूला मध्य प्रदेशात राहिले. रोगी हिंदी बोलला तर हिंदीत, मराठी बोलला तर मराठीत, पण पाढे मात्र ते मराठीतच घालत. हिंदी शाळेत शिकलेला पोरगा गोंधळला तर म्हणत, "बेटा, अपनी भाषा में बता दे. अकल को सब भाषा आती है."

त्यांचा दर उलटा होता. दात वाचवायचे तीन रुपये आणि काढायचे आठ. लोक म्हणत, काढायला दहा मिनिटे लागतात, वाचवायला चार खेपा घालाव्या लागतात, मग हे कसे? ते म्हणत, "काढलेला परत लावता येत नाही. महागात जाऊ द्या ना जी, म्हणजे घडीभर विचार तरी कराल." ह्या दराने त्यांचे नुकसान होत असणार, हे मी राइस मिलचा मुनीम म्हणून सांगू शकतो. त्यांना तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "मुनीमजी, तुमच्या मिलीत धान भरडते. माझ्या इथं माणसं येतात."

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी मोजली होती. आम्ही छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली माणसे. बाजारात दात उपटणारा जो माणूस बसे, तो आमच्या वस्तीतल्यांच्या तोंडाला हात लावत नसे, दोरी बांधून लांबून ओढी. डॉक्टर आमच्या आधीच्या रोग्याच्या वेळी गरम पाण्याने दोनदा हात धुताना मला दिसले, एकदा आधी, एकदा नंतर. तो रोगी मोठा मालगुजार, म्हणजे जमीनदार, होता. सुमनच्या वेळीही दोनदाच धुतले, आधी आणि नंतर. तिसऱ्यांदा नाही. मी त्यांना ह्याबद्दल कधी काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

आता सुमनचे. ती तेव्हा वीस वर्षांची होती. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. ते धान्याच्या बाजारात मापारी होते आणि पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतले होते. मला पोटापुरते आले. सुमनला वडिलांपेक्षा जास्त आले. शिक्षिकेच्या ट्रेनिंगची प्रवेश परीक्षा २६ मार्चला होती आणि पहिलाच पेपर गणिताचा. आमच्या वस्तीतून त्या परीक्षेला बसणारी ती पहिली मुलगी. आणि मार्चच्या सुरुवातीला तिच्या उजव्या गालाखाली दुखू लागले. तीन दिवसांत गाल सुजला, ताप आला आणि तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढे उघडू लागले.

पहिली चूक आमची. दुखणे म्हणजे दाताला किडा लागला, असे आम्ही सगळे धरून चाललो. आठवडी बाजारात किडा काढणारी एक बाई बसे. तिने खापरीतल्या निखाऱ्यावर रिंगणीचे, म्हणजे त्या पिवळ्या फळाच्या काटेरी झुडपाचे, बी टाकले. नळीने त्याचा धूर सुमनच्या तोंडात सोडला आणि पानावर पांढरे बारीक किडे पाडून दाखवले. मायने मोजले, सात. मीही मोजले, सातच. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मोजून घेतलेली गोष्ट मला खरी वाटते. दुसऱ्या दिवशी गाल दुप्पट झाला.

८ मार्चला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुमनच्या तोंडाशी आरसा धरून मायला दाखवले. "पाहा बाई, ही तिची अक्कलदाढ. यायले जागा कमी पडली, म्हणून तिरपी आली. हिरडीची झाकणी अर्धी तिच्यावरच राहून गेली. त्या झाकणीखाली अन्न सडून राह्यलं, तिथंच पू झाला. किडा-बिडा काही नाही."

माय म्हणाली, "नाही कसा? सात निघाले ना डाक्टरसाब. मी माह्या डोळ्यानं पाह्यले."

डॉक्टर भांडले नाहीत. कपाटातून एक बाटली काढली, तिच्यात तेच बी होते. स्टोव्हवर पत्र्याचा तुकडा तापवला, त्यावर चिमूटभर बी टाकले आणि वर एक ओली काचेची वाटी पालथी धरली. बी तडतडले. वाटी उलटी केली तर आत ओल्या काचेला पांढरे बारीक किडे चिकटलेले.

"मोजा बाई."

मायने मोजले. "नऊ."

"आता सांगा, ह्या वाटीले दात किती?"

मायने वाटीत बोट फिरवून पाहिले. डॉक्टर म्हणाले, "बियातला कोंब आहे तो. गरमीनं फुटून बाहेर येते. किड्यासारखा दिसते, बस. दात किडतो तो गोड खाऊन, न धुऊन. त्याले पाय असलेला किडा लागत नाही."

घरी परतताना माय वस्तीच्या तोंडाशी आल्यावर थांबली आणि मला म्हणाली, "छप्पन साली आपण एवढं सगळं नागपूरले सोडून आलो. मंग हा किडा माह्या पदरात कसा काय राहून गेला रे?"

किडा सुटला, पण दाढ सुटली नाही. डॉक्टरांनी सांगितले होते की सूज असताना दाढ काढायची नाही. आधी पेनिसिलिनची इंजेक्शने आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग तोंड उघडले की दाढ काढायची. नाही काढली तर सूज परत येणार, आणि बहुतेक परीक्षेच्या आसपासच येणार. सूज गळ्याकडे उतरली तर त्याहून वाईट. मायने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण ती अक्कलदाढ आहे."

बस, एवढेच. नावातच अक्कल होती. वस्तीतल्या बायका येऊन हेच सांगून गेल्या. लांजीहून मामा बसने आले तेही हेच घेऊन आले. मामा शेती करत आणि बैलांचे सौदे करत. बैलाच्या दातांवरून वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून दातांच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असे त्यांना वाटे. "बाई," ते मायला म्हणाले, "वरचा दात काढला तर डोळा जाते आन् अक्कलदाढ काढली तर डोस्कं जाते. पोरीले गणिताच्या परीक्षेले बसवायचं आन् गणिताचीच दाढ काढून घ्यायची, हे कोणतं शहाणपण?"

माय रडायला लागली. "दाढ ठेवली तर पोरगी दुखण्यानं बसंन. काढली तर अक्कल जाईन. परीक्षा तर दोन्हीकडून गेली ना भाऊ."

खरे सांगायचे तर मीही मामांच्या बाजूला होतो. माझ्या स्वतःच्या डाव्या अक्कलदाढेत दोन वर्षांपासून ठणका होता आणि मी ती कोणाला दाखवली नव्हती. मुनीमाची भाकरी आकड्यांवर असते. मी एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि विचारले, शंभरातल्या किती जणांची अक्कल जाते? त्यांनी वही काढली, पाने उलटली आणि म्हणाले, "आजपर्यंत एकशे बारा दाढा. अक्कल गेली एकाचीही नाही." मग वही मिटत म्हणाले, "वाढलीही नाही कोणाची. ते खोटं कशाले सांगू?"

हे उत्तर मला पटले. नुसते पहिले वाक्य असते तर पटले नसते.

"अहो, ही दाढ सतरा-अठरा ते पंचविशीत येते. त्याच वयात माणसाले अक्कल येते असं म्हणतात, म्हणून नाव पडलं. अक्कल दाढेत नसते मुनीमजी, आणि दाढीतही नसते. दाढीवाले मी भरपूर पाहून राह्यलो." डोळ्याचे विचारले तर म्हणाले, "दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. तुमच्या घरचा कंदील विझवला तर शेजाऱ्याची विहीर आटते काय? ज्याचे दात पडायच्या वयाले येतात त्याचे डोळेही कमजोर व्हायच्या वयाले आलेले असतात. लोक दोन्हीची गाठ मारून मोकळे."

घरी आलो तर मामा आणि माय अजून बोलतच होते. सुमनला बोलता येत नव्हते. तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. दोनच शब्द होते. काढू द्या.

म्हणून १४ मार्च. सूज पुष्कळ उतरली होती, तोंड तीन बोटे उघडत होते. पण ती रात्रभर झोपली नव्हती. डॉक्टरांनी विचारले, सतरा औट? ती म्हणाली, साडेअठ्ठावन्न. हे उत्तर चूक आहे हे मला कळले आणि मायला कळले नाही. मी तोंड उघडणार तोच डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवले आणि वहीत लिहिले: ५८॥. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. आमचे वडील तसेच लिहीत.

दाढ काढताना नातेवाइकांना कामाला लावायची त्यांची सवय होती. सुई टोचून हिरडी बधिर झाली, तसे ते म्हणाले, "आता मामासाब, तुम्ही एकोणतिसाचा पाढा म्हणा. मोठ्यानं. तोवर मी माझं काम करतो." मामा छत्री धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, असे करत एकोणतीस पंचेला येऊन अडकले. डॉक्टर हातातला चिमटा न हलवता म्हणाले, "काय जी, तुमची अक्कलदाढ तर जागेवर आहे ना?" सुमनचे डोळे हसले. ते मला दिसले, कारण मी तिच्या पायांशी बसलो होतो.

अकरा मिनिटे लागली. दाढ दोन तुकड्यांत निघाली, एक मूळ आकड्यासारखे वाकडे होते. कापसाचा बोळा दाबून, हात धुऊन डॉक्टर समोर बसले. "पोरी, सतरा औट?"

सुमनने तोंड हलवले. बधिर जीभ आणि कापूस, नुसता आवाज झाला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "गेली."

सुमनने हात पुढे करून वही मागितली. पेन्सिल घेतली. आपल्या ५८॥ वर एक बारीक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, ५९॥.

"अवं, पहिलं खोडू नको, रेकॉर्ड आहे ते," डॉक्टर म्हणाले. तिने रेघ इतकी बारीक मारली होती की खालचा आकडा वाचता येत होता. त्यांनी तो पाहिला आणि मान हलवली. मग मायला म्हणाले, "बाई, दाढेत अक्कल नव्हती, पण दुखणं होतं. दुखणं पहिले हिशेबच खाते."

मी मामांना समजावून सांगितले की सतरा त्रिक एक्कावन्न आणि सतराचे अर्धे साडेआठ, मिळून साडेएकोणसाठ. पहिल्या वेळी तिचा एक सुटला होता, आता धरला. मामांनी मनात हिशेब केला, दोनदा केला, आणि हार मानली नाही. "अक्कल का एकदम जाते? हळूहळू जाते. वर्षानं कळंन."

मला राग आला. डॉक्टर मात्र विचारात पडले. "बरोबर बोलले मामासाब," ते म्हणाले. "वर्षानंच कळंन. म्हणजे तपासणी अर्धीच झाली. मंग फीही अर्धीच घेतली पाहिजे." आठातले चार रुपये त्यांनी घेतले. वहीत लिहिले: बाकी चार, १४ मार्च १९६३, रोगी स्वतः येऊन हिशेब सांगेल तेव्हा. खाली मायचा अंगठा, मामांची आणि माझी सही.

२६ मार्चला सुमन परीक्षेला बसली तेव्हा तिच्या गालावर पिवळा डाग होता. निवड यादीत तिचे नाव अकरावे आले.

वर्षाने ती ट्रेनिंगमधून सुट्टी काढून आली. डॉक्टरांनी विचारले, तेवीस दिढे, म्हणजे तेविसाची दीडपट? साडेचौतीस, ती म्हणाली, आणि चार रुपये पुढे केले. त्यांनी उत्तर वहीत लिहिले, पैसे बाजूला सारले. "एका वर्षात काय कळते? आता तर मास्तरीण होऊन राह्यली. अक्कल रोज खर्च होईन. पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी एकोणतीस साते विचारले, दोनशे तीन आले, आणि तरी तेच उत्तर. मी एकदा बाजारातून जाताना तिच्या वतीने पैसे द्यायला गेलो तर त्यांनी मला दारातूनच परतवले. "मुनीमजी, तुमची अक्कल नाही तपासायची. तिले पाठवा." चौसष्टपासून सुमन परसवाड्यापलीकडच्या एका गावी शाळेवर होती. दरवर्षी १४ मार्चला ती बसने बालाघाटला येई, एक हिशेब सांगे आणि चार रुपये परत घेऊन जाई. जाताना शाळेच्या गावातल्या दातांच्या अडचणींची यादी त्यांना वाचून दाखवी.

त्या गावात सकाळी सगळे गुडाखू घासत. गुळात कालवलेली तंबाखू ती. बाया म्हणत, दात मजबूत होतात, दुखणे थांबते. डॉक्टर म्हणाले, "मजबूत नाही होत, बधिर होते. चौकीदाराले दारू पाजली तर चोर आला ते त्याले कळत नाही, म्हणून काय चोरी थांबली?" बाया म्हणत, मग राख आणि कोळसा घासतो. "घासा म्हणा. भांड्याची कल्हई जशी जाते तशी दाताचीही जाईन, आणि ती पुन्हा लावणारा कल्हईवाला अजून जन्मले यायचा आहे." बाया म्हणत, पोरांचे दुधाचे दात पडणारच, त्यांची कशाला एवढी काळजी? हा प्रश्न ऐकून ते खूश झाले. आमच्याकडे धानाची रोपे आधी दाट पेरून वाढवतात, त्यांना पऱ्हे म्हणतात, आणि मग उपटून चिखलात लावतात. "पऱ्हे तर उपटायचेच असतात. मंग त्यात गुरं सोडता काय? तिथं पीक नाही, पण पुढच्या पिकाची जागा तेच धरून ठेवते." सुमनने हे वाक्य गावात इतक्यांदा म्हटले की पुढे पोरे तिला म्हणून दाखवत. शनिवारचा गणिताचा तास तिने दातांवर लावला. विसातले तीन पडले, दोन नवीन आले, एक किडला, तर चांगले किती? तोंडात बोट घालण्याआधी हात धुवायचा आणि नंतर धुवायचा. दोनदा.

अडुसष्ट साली एकदाच ती आली नाही, बाळंतपण होते. पुढच्या मार्चला मुलगा काखेत घेऊन आली. माय सोबत होती. मायने आपले ठेवणीतले काढलेच, "लेकरागणिक बाईचा एक दात जाते जी. मले पाच झाले, पाच गेले." डॉक्टरांनी वही काढली. बासष्ट साली दाढ काढल्यावर सुमनचे दात तीस लिहिलेले होते. आता मोजले तर एकतीस. मधल्या काळात वरची एक अक्कलदाढ सरळ येऊन बसली होती. "बाई, ह्या लेकरानं तर एक आणून दिला," डॉक्टर म्हणाले. मग मायच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "लेकरू दात नेत नाही. पण त्या दिवसांत ओकारी होते, हिरड्या सुजतात, आणि बाई स्वतःकडे पाहत नाही. तुमचे पाच गेले ते लेकरांनी नाही नेले. तुमच्याकडे कोणी पाह्यलं नाही म्हणून गेले." मायने त्यानंतर गुडाखू सोडली. माझी डावी दाढ मी त्याच वर्षी काढून घेतली. मला बारा औट विचारले होते. बेचाळीस, आधीही आणि नंतरही.

त्र्याहत्तर साली डॉक्टरांनी सुमनला एकच हिशेब दोनदा विचारला. तिने दोनदा उत्तर दिले आणि मला बाहेर आल्यावर सांगितले. त्या पावसाळ्यानंतर दवाखाना बंद झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की एका रोग्याला त्यांनी गणित घातले, त्याने उत्तर दिले, आणि ते बरोबर की चूक हे त्यांना सांगता येईना. त्या माणसाला त्यांनी दाढ न काढता गोंदियाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी देऊन पाठवले. संध्याकाळी चिमटे उकळून, पुसून, पेटीत ठेवले. कोणी सांगायची वाट पाहिली नाही.

१४ मार्च १९७४, गुरुवार. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मामा त्या दिवसांत आमच्याकडे आले होते, तेही सोबत आले. मामांच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता, डॉक्टरांनीच करून दिलेली कवळी ते खिशात ठेवत. डॉक्टरांनी आम्हा कोणाला ओळखले नाही. डॉक्टरीणबाईंनी वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पान काढून दिले. ते बराच वेळ वाचत होते. आडव्या बारीक रेघेवरून त्यांनी बोट फिरवले.

"सतरा औट?" त्यांनी विचारले.

"साडेएकोणसाठ," सुमन म्हणाली.

त्यांनी पानावरचा आकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिले. "तू खोडलं होतं."

"हौ जी. मीच."

ते हसले. पूर्वीचे हसणे होते. "मले सांगून राह्यले हे सगळे, की माझी अक्कल चालली. खरं आहे. सकाळी काय जेवलो ते सांगता येत नाही. पण पोरी, माझे दात मोज."

सुमनने आत जाऊन हात धुतले, बाहेर आली आणि त्यांच्या पद्धतीने मागून पुढे मोजत आली. "बत्तीस."

"अक्कलदाढा?"

"चारी जागेवर."

"मामासाब," ते म्हणाले. मामांना त्यांनी कसे ओळखले ते ठाऊक नाही. "तुमच्या तोंडात एकही दाढ नाही, आणि बैलाचा सौदा अजून तुम्हीच करता. माझ्या चारी आहेत. आता तरी लिहून द्या, की अक्कल दाढेत नसते."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "नसते डाक्टरसाब," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली, मले माहीत आहे. पोरगी येते म्हणून तुम्ही खूश होता, म्हणून बोललो नाही."

सुमन हात धुऊन आली. तिने चार रुपये पुढे केले, दरवर्षीसारखे. परत मिळणार म्हणून तिने ते परतीच्या बसच्या भाड्यात धरलेले होते, हे तिने मला नंतर सांगितले. डॉक्टरांनी नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. पुढच्या वर्षी ये, असे ते म्हणाले नाहीत. वही तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "माझा हात कापते. तू लिही."

तिने लिहिले. ती वही आता सुमनच्या शाळेत आहे, डॉक्टरीणबाईंनीच पुढे पाठवली, म्हणून तो मजकूर मी पाहून उतरवतो. बाकी चार रुपये, रोख, डॉक्टरांच्या हाती पोहोचले. अक्कल शाबूत. हजर: डॉक्टर, डॉक्टरीणबाई, मामा, भाऊ आणि मी स्वतः.